मारहाणीची केस : एनसीच्या कागदापासून कोर्टाच्या निकालापर्यंत

मारहाणीची केस कोर्टात कशी संपेल, हे बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच ठरून जातं. ठरवतात दोन कागद: हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होणारा एमएलसीचा (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमांची नोंद) कागद आणि पोलीस ठाण्यात लिहिला जाणारा जबाब. या दोन कागदांवरून कलम लागतं आणि कलमावरून बाकीचं सगळं: अटक होणार का, जामीन कुठे मिळणार, तडजोड करता येणार का. पुढे कितीही तगडा वकील लावा, या कागदांत जे नाही ते नंतर आणताना नाकी नऊ येतात, आणि जे फुगवून लिहिलंय ते उलटतपासात उघडं पडतं.

इथे विषय आहे तो चाळीत, सोसायटीत, पार्किंगवरून, लोकलच्या दारात होणाऱ्या हाणामारीचा. घरगुती हिंसाचार, महिलेचा विनयभंग, अॅट्रॉसिटी यांची वाट वेगळी आहे. तिथे खालचा तडजोडीचा भाग लागू पडेल असं धरू नका.

आधी कलम समजून घ्या

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता, म्हणजे बीएनएस, लागते. त्याआधीच्या घटनेची केस असेल तर कागदांवर भादंवि, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, ३२३, ३२४, ३२५, ३२६ दिसतील. ती केस त्याच कलमांखाली चालते.

कलम ११५(२), साधी दुखापत. थप्पड, बुक्क्या, लाथा, मुका मार. जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि एक कागद हातात देतात. मुंबईतली बहुसंख्य भांडणं इथेच अडकतात.

कलम ११८(१), धोकादायक हत्याराने दुखापत. चाकू, कोयता हे उघडच आहे, पण भोसकायचं, कापायचं किंवा मारण्यासाठी वापरलं तर जीव जाऊ शकेल असं कोणतंही साधन, शिवाय आग, उकळता पदार्थ, अॅसिडसारखं द्रव्य यात येतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र. पेव्हर ब्लॉक, बॅट, हेल्मेट, लोखंडी सळई यांच्याबाबत वाद कायम असतो. वस्तू कोणती होती एवढ्यावर भागत नाही, ती कुठे आणि किती जोराने मारली हे कागदावर असावं लागतं.

कलम ११७(२), जबर दुखापत. सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दखलपात्र, तरीही जामीनपात्र. वाचून आश्चर्य वाटेल, पण आहे ते असं आहे: हाताने मारून हाड मोडलं तर जामीन हक्काने मिळतो, ब्लेडने ओरखडा काढला तर तो न्यायाधीशांच्या मर्जीवर. जबर दुखापत हत्याराने केली तर ११८(२). तिथे किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेप.

जबर दुखापत म्हणजे काय, हे कलम ११६ मध्ये आठ प्रकारांत दिलंय. रोजच्या केसमध्ये तीनच लागतात: हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं काम करता न येणं. भादंविमध्ये हीच मुदत वीस दिवस होती. ‘पंधरा दिवस अॅडमिट राहिलं की जबर’ हा समज चुकीचा आहे. हॉस्पिटलात झोपून राहण्याला किंमत नाही, काम करता आलं नाही हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी ऑफिसचा रजेचा अर्ज, रिक्षा बंद ठेवल्याचा पुरावा, डॉक्टरांचे पाठपुराव्याचे कागद जपून ठेवा.

सोबत शिवीगाळीला ३५२, धमकीला ३५१(२), वाट अडवण्याला १२६(२) लागतं. यातलं १२६(२) लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ते दखलपात्र आहे. एका घटनेत एकजरी गुन्हा दखलपात्र असला तर अख्खी केस दखलपात्र धरली जाते. जिन्यात आडवं उभं राहून वाट रोखली असेल तर ते जबाबात आलंच पाहिजे. रोखली नसेल तर घालू नका. पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

कॅज्युअल्टीत

जखम असेल तर आधी हॉस्पिटल, मग ठाणं. केईएम, सायन, नायर, कूपर, राजावाडी किंवा जे.जे. अशा पालिकेच्या अथवा सरकारी रुग्णालयात जा आणि केसपेपर काढतानाच ‘मारामारीची केस आहे, एमएलसी करा’ असं सांगा. आधी ठाण्यात गेलात तर पोलीस मेडिकलसाठी पत्र देतात. खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट कोर्टात चालत नाही असं नाही, पण तो डॉक्टर तीन-चार वर्षांनी साक्षीला यायला हवा. यायला बरेच जण टाळतात.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘काय झालं?’ तुमचं उत्तर ते हिस्ट्रीच्या रकान्यात लिहितात आणि केसमधला हा सगळ्यात जुना लेखी पुरावा ठरतो. कोणी मारलं, किती वाजता, कुठे, कशाने, हे चारही सांगा. ‘शेजाऱ्याने बांबूने मारलं’ असं सांगितलं नाही आणि नुसतं ‘मारामारी झाली’ म्हणालात तर बचावाचा वकील तोच कागद दाखवून विचारणार: तेव्हा नाव का घेतलं नाही? घाबरून किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून ‘जिन्यावरून पडलो’ असं लिहून घेतलं असेल तर केस तिथेच अर्धी मेली.

दुखणारी प्रत्येक जागा दाखवा. डोक्याला टाके पडत असताना करंगळीकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि नंतर एक्स-रेत करंगळीच मोडलेली निघते. डॉक्टर कागदावर ‘सीएलडब्ल्यू’ लिहितात, म्हणजे बोथट वस्तूच्या माराने फाटलेली जखम. धारदार हत्याराची कापलेली जखम वेगळी लिहितात. डोक्याची कातडी हाडाला लागून असल्याने काठीच्या फटक्यानेही ती सरळ रेषेत फाटते आणि कोयत्याने कापल्यासारखी दिसते. तुम्ही जबाबात कोयता म्हणालात आणि डॉक्टरांनी ‘कठीण व बोथट वस्तू’ लिहिलं, तर दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. हत्यार नीट पाहिलं नसेल तर ‘कशाने मारलं ते दिसलं नाही’ असंच सांगा.

आता नाक आणि दात. नाकाचं हाड मोडलेलं सूज असताना हाताला लागत नाही, एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. एक्स-रे झाला नाही तर ११७(२) ऐवजी ११५(२) लागतं, म्हणजे सात वर्षांवरून एका वर्षावर. दाताचं त्याहून नाजूक. ‘दात हलतोय’ एवढ्याने भागत नाही. डेंटल विभागात पाठवायला सांगा आणि दात मोडला की मुळातून निखळला हे लिहून घ्या. हिरड्यांचा जुना आजार असेल तर बचाव पक्ष तो काढणारच. पडलेला दात फेकू नका.

मुका मार दुसऱ्या दिवशी उमटतो. वळ दिसायला लागले की त्याच हॉस्पिटलात त्याच एमएलसी नंबरवर परत जा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा: एक चेहरा आणि जखम एकत्र दिसणारा, एक जवळून, बाजूला शाळेची मोजपट्टी धरून. दर दोन दिवसांनी पुन्हा.

डॉक्टर कधी कधी ‘एक्स-रे रिपोर्ट आल्यावर मत देऊ’ असं लिहून मत राखून ठेवतात. मग कोणीच तो रिपोर्ट नेऊन देत नाही आणि अंतिम इंज्युरी सर्टिफिकेटवर ‘साधी’ असा शिक्का बसतो. आठवड्याभराने तपास अधिकाऱ्याकडे विचारणा करा. फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही लागतात, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

ठाण्यात

मारामारी चालू असेल तर ११२. नंतर घटना ज्या हद्दीत घडली त्या ठाण्यात जायचं. हद्दीचा घोळ असेल तर कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. लोकलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवर घडलं असेल तर लोहमार्ग पोलीस. शहराचं ठाणं तिकडेच पाठवेल, त्यात रागावण्यासारखं काही नाही.

जबाब मराठीत होतो. सही करण्याआधी पूर्ण वाचा. घाई करणाऱ्या हवालदारालाही पाच मिनिटं थांबता येतं. यात पाहायच्या गोष्टी: कोणी काय केलं हे माणसागणिक वेगळं लिहिलंय का? ‘सर्वांनी मिळून मारहाण केली’ हे वाक्य फार आवडतं लिहिणाऱ्यांना, पण कोर्टात कोणाच्याच गळ्यात माळ पडत नाही. कोणी पकडलं, कोणी मारलं, कुठे मारलं, हे वेगवेगळं हवं. नाव माहीत नसेल तर वर्णन आणि ‘पाहिल्यास ओळखेन’ असं हवं, म्हणजे ओळख परेड घेता येते. रात्रीची घटना असेल तर उजेड कुठला होता? साक्षीदारांची नावं? उशिरा तक्रार देत असाल तर उशीर का झाला, ते कारणही जबाबातच यावं. ‘टाके घालत होते’ हे कारण पुरेसं आहे, पण ते लिहिलेलं पाहिजे.

आणि सोन्याची चेन. मुंबईतल्या दर दुसऱ्या मारामारीच्या तक्रारीत ‘झटापटीत गळ्यातली चेन ओढली’ हे असतंच, कलम वाढावं म्हणून. चेनची पावती नसते, गळ्यावर ओरखडा नसतो, एमएलसीत उल्लेख नसतो. बचावाच्या वकिलाला याहून सोपं काम नाही: चेन खोटी ठरली की बाकी खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असताना एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. मात्र तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या प्रक्रिया संहितेने, म्हणजे बीएनएसएसने, दिली आहे. नोंदवतच नसतील तर आधी डीसीपींकडे (पोलीस उपायुक्त) लेखी तक्रार, पोचपावतीसह. नंतर बीएनएसएस कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. डीसीपींची पायरी गाळली की अर्ज तिथेच अडकतो.

सीसीटीव्हीची घाई सगळ्यात जास्त. सोसायट्यांचे डीव्हीआर ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड करतात, कुठे आठवडा, कुठे महिना. त्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, तारीख-वेळ लिहून, आणि तपास अधिकाऱ्यालाही लेखी कळवा. मोबाइलवर कोणी शूटिंग केलं असेल तर तो मूळ फोन आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली क्लिप कोर्टात टिकवणं अवघड जातं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, असते.

एनसी झाली, आता पुढे?

एनसीत पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. करत नाहीत म्हणून त्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही, हात कायद्यानेच बांधलेले आहेत. तुमच्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली, चॅप्टर केस. पुन्हा भांडण होण्याची भीती आहे असा अर्ज दिला की पोलीस बीएनएसएस कलम १२६ खाली समोरच्याकडून शांतता राखण्याचा बाँड घेण्याची कारवाई करतात. बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा. मुंबईत ही सुनावणी कोर्टात होत नाही, विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून एसीपींपुढे (सहायक पोलीस आयुक्त) होते. शेजाऱ्यांच्या रोजच्या कटकटीवर प्रत्यक्षात हीच वाट जास्त उपयोगी पडते, कारण शिक्षेपेक्षा समोरच्याला गप्प बसवणं हे खरं काम असतं. पण पोलीस पुष्कळदा दोन्ही बाजूंवर चॅप्टर लावतात, तेव्हा तयारी ठेवा.

दुसरी, बीएनएसएस कलम १७४(२) खाली मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा आदेश घ्यायचा. एमएलसी आणि फोटो चांगले असतील तर प्रयत्न करण्याजोगा आहे.

तिसरी, बीएनएसएस कलम २२३ खाली खाजगी फिर्याद. मॅजिस्ट्रेट तुमचा आणि साक्षीदारांचा शपथेवर जबाब घेतात. दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, ही बीएनएसएसची नवी अट. इथे दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. एक, मुदत: ११५(२) ची शिक्षा एका वर्षाची म्हणून फिर्याद घटनेपासून एक वर्षाच्या आत दाखल व्हावी लागते. एनसी केली आहे म्हणजे मुदत थांबली, असं नसतं. दुसरं, हजेरी: खाजगी फिर्यादीत फिर्यादी तारखांना आला नाही, तर कोर्ट तीस दिवसांची मुदत देऊन आरोपीला निर्दोष सोडू शकतं.

अटक आणि जामीन

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. बीएनएसएस कलम ३५(३) ची नोटीस येते, त्यावर लिहिलेल्या दिवशी हजर राहायचं आणि पोच घ्यायची. नोटीस टाळणं हेच अटकेचं कारण होतं. जामीनपात्र गुन्ह्यात ठाण्यातूनच जामीन होतो. जामीनदार घेऊन जा, त्याचं आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा घराची पावती यासह. जामीनदार लगेच मिळत नसेल तर जातमुचलक्यावर (स्वतःच्याच हमीवर) किंवा रोख रकमेवर सुटकेची विनंती करता येते. ११८(१) मध्ये अटकेची भीती असेल तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन, बीएनएसएस कलम ४८२. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाने केस रद्द करणं होतं. अजूनही काही मंडळी जुन्या आकड्याने बोलतात आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

कोर्टात पहिली तारीख

कोणत्या मॅजिस्ट्रेटपुढे केस जाणार हे ठाण्यावरून ठरतं: किल्ला कोर्ट, गिरगाव, भोईवाडा, बांद्रा, कुर्ला, अंधेरी, विक्रोळी, मुलुंड, बोरिवली. ११८(२) पर्यंतची केस मॅजिस्ट्रेटकडे चालते, खुनाचा प्रयत्न लागला की सेशन्स. सकाळी अकराच्या आधी पोचा, दाराबाहेरच्या बोर्डावर केस कितव्या नंबरवर आहे ते बघा आणि पुकारा होईपर्यंत चहाला खाली उतरू नका. पुकाऱ्याला आरोपी नसला तर वॉरंट निघतं, आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र. खरंच येता येत नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी सकाळी.

एफआयआरच्या केसमध्ये फिर्यादीला स्वतःचा वकील लागत नाही. सरकार तर्फे सहायक सरकारी वकील, म्हणजे एपीपी, केस चालवतात. स्वतःचा वकील दिला तर तो एपीपींना मदत करू शकतो, परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. परवडत नसेल तर कोर्टाच्याच इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. पुढच्या तारखा ईकोर्ट्स अॅपवर सोळा अक्षरांच्या सीएनआर नंबरने (केसचा ओळख क्रमांक) दिसतात. तो नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

तडजोड

मारहाणीच्या खूप केसेस इथे संपतात, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत.

ठाण्यात जाऊन एफआयआर ‘मागे’ घेता येत नाही. एफआयआर झाला की केस सरकारची. तुम्ही दिलेलं ‘आमचं मिटलं, तक्रार नाही’ हे पत्र पोलीस फाइलला लावतात, त्याने केस बंद होत नाही. बंद करायची ताकद कोर्टाकडे आहे आणि किती सहज, ते कलमावर.

११५(२), ३५२, ३५१(२), १२६(२): ज्याला मार लागला, शिवी दिली, धमकावलं किंवा अडवलं, तो स्वतः तडजोड करू शकतो. कोर्टाच्या परवानगीची गरज नाही, पण कोर्टापुढे नोंद व्हावी लागते. ११७(२): तडजोड होते, पण कोर्टाच्या परवानगीने. ११८(१) आणि ११८(२): मॅजिस्ट्रेटपुढे तडजोड होतच नाही. बेस्टच्या कंडक्टरवर किंवा ट्रॅफिक हवालदारावर ड्युटीवर असताना हात उचलल्याचं कलम १३२ लागलं, तरी तेच.

पद्धत अशी. दोन्ही बाजूंचे वकील मिळून तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, तयार करतात. त्यावर फिर्यादीची सही पुरत नाही, जखमी असलेल्या प्रत्येकाची लागते. बापाने फिर्याद दिली आणि मार मुलाला लागला, तर सही मुलाची. तो अठराच्या खाली असेल तर त्याच्या वतीने पालक, कोर्टाच्या परवानगीने. सगळे जखमी आधार कार्ड घेऊन समक्ष हजर लागतात. न्यायाधीश विचारतात, दबावाखाली करताय का, पैसे मिळाले का, वाचलंत का. ‘वकील म्हणाले म्हणून सही केली’ असं उत्तर दिलं की पुरसिस बाजूला आणि पुढची तारीख. मंजूर झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. राष्ट्रीय लोकअदालतीतही अशी केस ठेवता येते.

पैशाचं आधी ठरवा. दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोजगार, पुढच्या दाताच्या कॅपचा खर्च धरून आकडा काढा, आणि रक्कम डीडीने किंवा बँकेतून, पुरसिसवर सही होण्याआधी किंवा त्याच वेळी कोर्टात. ‘उरलेले पुढच्या महिन्यात’ हे बोलणं कोर्टाच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकतं.

केसमध्ये ११५(२) च्या जोडीला ११८(१) असेल तर एकाची तडजोड होऊन दुसऱ्याची केस चालूच राहते. अशा वेळी सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘साक्षीला जा आणि काही आठवत नाही म्हणा’. फितूर व्हायचा हा सल्ला स्वस्त वाटतो, पण शपथेवर खोटं बोलल्याची कारवाई साक्षीदारावर होते, सल्ला देणाऱ्यावर नाही. सरळ वाट मुंबई उच्च न्यायालयाची: बीएनएसएस कलम ५२८ खाली संमतीने केस रद्द करण्याची याचिका. फिर्यादीचं आणि जखमीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्यांना समक्ष उभं राहावं लागतं. ग्यान सिंग (२०१२) आणि नरिंदर सिंग (२०१४) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर हे चालतं: वाद खाजगी स्वरूपाचा असेल आणि शिक्षा होण्याची शक्यता फारशी उरली नसेल तर केस रद्द होऊ शकते. मर्मस्थानी चाकूचे वार असतील किंवा टोळीने दहशत माजवली असेल तर होईल अशी आशा धरू नका. कोर्ट दोन्ही बाजूंना काही रक्कम एखाद्या संस्थेला भरायला सांगू शकतं.

क्रॉस केस असेल, म्हणजे त्यांनीही तुमच्यावर गुन्हा नोंदवला असेल, तर दोन्ही केसेस एकाच न्यायाधीशांपुढे, एकापाठोपाठ चालवायला अर्ज करा. तडजोड करताना दोन्ही पुरसिस एकाच दिवशी. आपली केस मिटवून दुसऱ्यांची चालू ठेवणारे आणि मग कपाळाला हात लावणारे पुष्कळ असतात.

केस चाललीच तर

क्रम असा: आरोप समजावून सांगणं, फिर्यादीचा सरतपास (आपल्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न) आणि उलटतपास, मग जखमी, प्रत्यक्षदर्शी, पंच, डॉक्टर, शेवटी तपास अधिकारी. नंतर आरोपीचा जबाब, युक्तिवाद, निकाल. साक्षीच्या आदल्या दिवशी आपला एफआयआरमधला जबाब वाचून जा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने वेळ किंवा अंतर सांगू नका. उलटतपासाचा अर्धा भर जबाब आणि साक्ष यांतल्या फरकावर असतो. पंच म्हणून सोसायटीचाच वॉचमन घेतला असेल तर तो तोवर गावी गेलेला असतो. त्याचा नवा पत्ता एपीपींना वेळेत देणं फिर्यादीच्याच हिताचं. डॉक्टरही बदलून गेलेले असतात, तेव्हा त्यांचं अक्षर आणि सही ओळखणारा दुसरा डॉक्टर बोलावता येतो.

प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागण्याचा, पर्यायही आहे. आरोप ठेवल्यापासून तीस दिवसांत आरोपीने अर्ज करायचा. गुन्हा महिलेविरुद्ध किंवा बालकाविरुद्ध असेल तर मिळत नाही. गुन्हा सिद्ध मानला जातो, हे विसरून कोणी सही करू नये.

पहिलाच गुन्हा आणि साधी दुखापत असेल तर दोषी ठरल्यावरही तुरुंगाऐवजी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्याची मागणी करता येते. ती शिक्षेवरच्या सुनावणीत करायची, नोकरी, वय, घरची जबाबदारी यांच्या कागदांसह. समाजसेवेची नवी शिक्षा दुखापतीच्या कलमांना लागत नाही, वर्तमानपत्रातल्या बातम्यांनी तो समज पसरला आहे. फिर्यादीने मात्र बीएनएसएस कलम ३९५ खाली भरपाई मागायला विसरू नये. बिलं रेकॉर्डवर आलेली असतील तरच आकडा मिळतो.

मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर तीस दिवसांत सेशन्स कोर्टात अपील. आरोपी निर्दोष सुटला, कमी कलमात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडितालाही अपील करता येतं.

निकाल काही लागो, प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात मागा. अर्जावर केस नंबर, कोर्ट रूम नंबर आणि निकालाची तारीख हवी. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पोलीस पडताळणीत जुना गुन्हा नंबर वर्षांनंतरही वर येतो, तेव्हा तडजोडीचा किंवा निर्दोष सुटल्याचा आदेश हाताशी लागतो. एक झेरॉक्स ठाण्यात देऊन मागच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.